बुजऱ्या व अपंग मांजरांना घर मिळावे म्हणून

आपल्या इंझोरीसारख्या गावात मांजर कोणाला नवे नाही. सोयाबीन, तूर, ज्वारी घरात आली की उंदीर येतात आणि उंदरांमागे मांजर येते. मांजरी व्याली की मात्र प्रश्न उभा राहतो. दिसायला गोजिरवाणी, अंगावर खेळणारी पिल्ले कोणीतरी मागून नेतो. कोपऱ्यात दडून बसणारे, डोळ्याने अधू किंवा पायाने लंगडे पिल्लू तेवढे मागे राहते. पुढे एके दिवशी त्याला पोत्यात घालून शिवेबाहेर सोडून देतात. अशा जिवाला घर कसे मिळवून द्यावे, हे येथे थोडक्यात सांगावयाचे आहे.

प्रथम बुजरेपणाविषयी. दोन ते सात आठवड्यांच्या वयात पिल्लाला माणसाचा हात लागला तर ते माणसाळते, असे अमेरिकेतील संशोधिका आयलीन कार्श यांच्या अभ्यासातून १९८० च्या दशकात दिसून आले. गंजीत किंवा माळ्यावर वाढलेल्या पिल्लाला हा स्पर्श मिळत नाही. म्हणजे त्याचे बुजरेपण हा स्वभावाचा दुष्टपणा नव्हे, ती सवयीची उणीव होय. ती भरून काढता येते, परंतु त्यास वेळ द्यावा लागतो.

त्याचा मार्ग साधा आहे. मांजराला प्रथम एकाच शांत खोलीत ठेवावे. तेथे अन्न, पाणी, मातीचे घमेले आणि लपण्यासाठी एक पुठ्ठ्याचे खोके असावे. नेदरलँड्समध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निवाऱ्यात नव्याने आलेल्या १९ मांजरांपैकी १० मांजरांना असे खोके दिले होते. ती इतरांपेक्षा लवकर स्थिरावली. म्हणून लपलेल्या मांजरास ओढून बाहेर काढू नये. रोज ठरलेल्या वेळी खाणे घेऊन जावे, दूर जमिनीवर बसावे, हळू आवाजात बोलावे. टक लावून पाहू नये. डोळे सावकाश मिटून उघडावेत. असे केल्याने मांजर अनोळखी माणसाजवळही येण्यास अधिक तयार होते, हे इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवून दिले आहे.

आता अपंगत्वाविषयी. आंधळे मांजर वास, आवाज आणि मिशांच्या आधारे घराचा नकाशा लक्षात ठेवते. मात्र खाण्या-पिण्याची जागा वारंवार बदलू नये आणि विहिरीला कठडा नसेल तर त्याला मोकळे सोडू नये. बहिऱ्या मांजराला मागून येणारी मोटारसायकल ऐकू येत नाही, म्हणून ते घरातच राहिलेले बरे. तीन पायांचे मांजर थोड्याच दिवसांत चालू-धावू लागते. पण मागचे दोन्ही पाय लुळे पडलेल्या मांजराची लघवी पुष्कळदा दिवसातून दोन-तीन वेळा हाताने दाबून काढावी लागते. हे काम पशुवैद्यकाकडून शिकून घेतल्याशिवाय करू नये.

येथेच मुख्य मुद्दा येतो. मांजर देताना आपण त्याची खोड लपवतो. "एकदम गरीब आहे, काही त्रास नाही," असे सांगून मोकळे होतो. दोन दिवसांनी मांजर कपाटामागून बाहेर येत नाही, घेणारा कंटाळतो आणि ते पुन्हा रस्त्यावर येते. म्हणून खरे तेच सांगावे: हे किती दिवस लपून बसेल, याला कोणते औषध लागते, खर्च किती येतो. लहान मुलांच्या गजबजलेल्या घरापेक्षा निवृत्त जोडप्याचे शांत घर बुजऱ्या मांजराला मानवते. नेणाऱ्याने आधी चार-सहा वेळा येऊन मांजराला भेटावे. जमले नाही तर ते परत आमच्याकडेच आणून द्या, असेही सांगून ठेवावे. खरे ऐकूनही जो हो म्हणतो, तोच त्याला टिकवतो.

काही खबरदारी अवश्य घ्यावी. माणसाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला विषासमान आहे. फिनाईलही त्याला अपायकारक आहे, म्हणून त्याच्या खोलीत ते वापरू नये. मांजराला मांसाहार आवश्यक आहे; केवळ दूध-पोळीवर ठेवल्यास टॉरिन या घटकाअभावी दृष्टी व हृदय बिघडते. मांजर चावल्यास वा ओरखडल्यास जखम साबणाच्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन ताबडतोब दवाखान्यात जावे व रेबीजच्या लसीविषयी विचारावे. मांजर देण्यापूर्वी लस व नसबंदी झालेली असावी. त्यासाठी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे. अवघड दुखण्यासाठी अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्थेत सल्ला घेता येतो.

उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. सजीवांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे संविधानाच्या कलम ५१-क प्रमाणे आपले मूलभूत कर्तव्य आहे. मांजर आडवे गेले म्हणून थबकणारे आपल्यात अजूनही आहेत. त्यापेक्षा ते कोठे चालले आहे, त्याला घर आहे की नाही, एवढे आपण पाहिले तरी पुष्कळ झाले.