खत कमी केलं की डाळिंब बारीक पडतं?

सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा, कुठल्याही डाळिंब बागेत जा, हे वाक्य ऐकू येतंच: ‘खत कमी केलं की फळ बारीक पडणार.’ म्हणून जिवाणू खत आणलं, तरी ते डीएपीच्या पोत्यावर जास्तीचं म्हणून पडतं. पोतं मात्र एकही कमी होत नाही. मग बचत कुठून होणार?

पोत्यातलं सगळं झाडाला मिळतं, ही समजूतच चुकीची आहे. सोलापूरकडच्या बऱ्याच जमिनी चुनखडीच्या. डीएपीत 46 टक्के स्फुरद असतो, पण अशा जमिनीत त्यातला बराचसा कॅल्शियमशी बांधला जातो आणि मुळांच्या हाती लागत नाही. आपण दरवर्षी नवं पोतं फोडतो आणि जमिनीत अडकलेला साठा वाढवत बसतो! स्फुरद विरघळवणारे जिवाणू सेंद्रिय आम्लं सोडून हाच साठा मोकळा करतात. ज्याचे पैसे तुम्ही आधीच मोजले आहेत, ते खत झाडापर्यंत पोचतं.

ही विक्रेत्याची जाहिरात वाटत असेल, तर आपल्याच केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राचं काम पाहा. ‘पेनिसिलियम पिनोफिलम’ या बुरशीमुळे डाळिंबाचं अन्नद्रव्यांचं शोषण वाढतं, हे तिथल्या शास्त्रज्ञांनी 2014 मध्ये शोधनिबंधातून मांडलं. उलट खतातून नत्र जास्त झालं, तर लुसलुशीत फूट येते आणि तेल्या रोगाला आयतं निमंत्रण मिळतं.

मग रासायनिक खत बंदच करायचं? तेही नाही. फळांनी लगडलेल्या झाडाची नत्राची सगळी गरज ॲझोटोबॅक्टर हे नत्र देणारं जिवाणू खत भागवू शकत नाही. माती आणि पान परीक्षण पाहून साधारण पाव हिस्सा कपात, इतकंच सुरुवातीला धरा.

जिवाणू खत निवडताना आणि वापरताना जपा. रायझोबियम डाळिंबाला चालत नाही. ते शेंगवर्गीय पिकांचं. बोर्डो मिश्रणात किंवा रासायनिक खताच्या टाकीत जिवाणू मिसळले, तर ते मरतात. कोरड्या, सेंद्रिय कर्ब नसलेल्या मातीतही ते टिकत नाहीत. आणि बाटली उन्हात पडलेली नको: नियमाप्रमाणे द्रवरूप खताच्या एका मिलिलिटरमध्ये किमान 10 कोटी जिवंत जिवाणू हवेत, म्हणून अंतिम तारीख वाचूनच घ्या.

पुढचा बहार धरताना सगळी बाग पणाला लावू नका. चार ओळींत डीएपी पाव हिस्सा कमी करा, कुजलेल्या शेणखतात मिसळून जिवाणू द्या आणि तोडणीला त्या ओळींची फळं बाकीच्या ओळींच्या फळांशेजारी काट्यावर ठेवा.