नवापूरची कोंबडी आणि अफवेचा गुणाकार

कुरकुरे काडी लावली की पेटतात, म्हणून ते प्लास्टिकचे असतात, ही अफवा तुमच्यापैकी बहुतेकांच्या कानावर आली असेल. काहींनी ते जाळूनही पाहिले असतील. जाळून पाहिले हे उत्तमच केले, पण प्रयोग करणे सोपे आणि त्यातून निष्कर्ष काढणे अवघड असते. जे पेटते ते प्लास्टिक असे मानले, तर शेंगदाणा, खोबऱ्याचा तुकडा आणि होळीतली गोवरी हे सारेच प्लास्टिकचे ठरतील!

मग तेथे जळते तरी काय? तांदूळ, मका आणि हरभऱ्याच्या डाळीचे किंचित ओलसर पीठ यंत्राच्या नळीत प्रचंड दाबाखाली रेटले जाते. नळीत तापमान १०० अंश सेल्सिअसच्या वर जाते, परंतु दाबामुळे पिठातील पाण्याची वाफ होऊ शकत नाही. प्रेशर कुकरमध्ये जे घडते तेच येथे घडते. पीठ छिद्रातून बाहेर पडताच दाब एकदम उतरतो, पाण्याची क्षणार्धात वाफ होते आणि पीठ फुगून जाळीदार बनते. पुढे तळताना त्या जाळीत तेल शिरते. सच्छिद्र वस्तू, तिच्यात मुरलेले तेल आणि सभोवती हवा, म्हणजे आपल्या देवघरातल्या वातीचीच रचना झाली की! अशा तळलेल्या पदार्थात वजनाच्या सुमारे एक-तृतीयांश तेल असते. एक ग्रॅम तेलातून ९ किलोकॅलरी आणि एक ग्रॅम पिष्टातून ४ किलोकॅलरी उष्णता मिळते. हिशेब केलात तर अशा एका ग्रॅममधून सुमारे साडेपाच किलोकॅलरी निघतात. त्यातली उष्णता जराही वाया गेली नाही, तर १०० ग्रॅम पाणी ५५ अंशांनी तापेल. ज्याला आपण पोषणमूल्य म्हणतो, ते असे जाळूनच मोजता येते.

जाळण्यापेक्षा चांगली कसोटी औषधाच्या दुकानात मिळते. पदार्थ पाण्यात भिजवून त्यावर टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाका. पिष्ट असेल तर निळा-काळा रंग येईल. प्लास्टिकच्या तुकड्याला असा रंग येत नाही आणि तो पाण्यात भिजून मऊही होत नाही. इतकी सोपी कसोटी हाताशी असूनही ही अफवा काही हटली नाही. अखेर २०१८ साली उत्पादक कंपनीला समाजमाध्यमांवरील मजकुराविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले.

अफवा टिकते कशी, याचा अभ्यास गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी केला. १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकात एक सूत्र आहे: अफवेचा जोर हा विषयाचे महत्त्व आणि माहितीची संदिग्धता यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो. येथे बेरीज नसून गुणाकार आहे, हे ध्यानात घ्या. दोहोंपैकी एक जरी शून्य झाले तरी सारा गुणाकार शून्य. पदार्थविज्ञानाच्या माणसाला हे सूत्र फारच ढोबळ वाटते, कारण महत्त्व कोणत्या एककात मोजायचे? तरीही विचाराला ते उपयोगी पडते. खाणे प्रत्येकाच्या महत्त्वाचे, आणि हॉटेलच्या भटारखान्यात काय चालते ते गिऱ्हाइकाला दिसत नाही. दोन्ही संख्या मोठ्या! आणि जेथे मुलाबाळांच्या जिवाचा प्रश्न येतो, तेथे हा गुणाकार माणसांचे प्राण घेतो. १ जुलै २०१८ रोजी आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने भटक्या समाजातील पाच निरपराध माणसांना ठार मारले.

सर्वच अफवा निखालस खोट्या असतात असे नाही. मे २००१ मध्ये ठाण्यातील मॅकडोनाल्डच्या उपाहारगृहाची मोडतोड झाली, कारण तेथील बटाट्याच्या काचऱ्यांत गोमांसाचा अंश असल्याचा संशय पसरला होता. अमेरिकेतील काचऱ्यांत गोमांसापासून काढलेला स्वाद वापरला जात होता, ही गोष्ट खरी होती. त्यावरून तेथे दावा दाखल झाला आणि कंपनीने पुढे एक कोटी डॉलर देऊन तो मिटवला. मात्र भारतात ती कृती वापरलीच जात नव्हती, आणि येथील तपासणीत तसा अंश आढळला नाही. बातमीने समुद्र ओलांडला, तेव्हा ‘अमेरिकेतील’ हा एकच शब्द वाटेत गळला. अटी गाळून टाकलेले विधान हे भौतिकीतही असेच फसवते. पाणी १०० अंशांना उकळते हे खरे, पण वायुदाब समुद्रसपाटीवरचा असेल तरच. तोरणमाळला ते थोडे आधीच उकळते.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. नवापूर हे महाराष्ट्र-गुजरातच्या सीमेवरचे गाव. तेथील रेल्वे स्थानक अर्धे एका राज्यात तर अर्धे दुसऱ्या राज्यात आहे. त्याच्या आसपास मोठी कुक्कुटपालन केंद्रे उभी राहिली होती. १८ फेब्रुवारी २००६ रोजी जाहीर झाले, की तेथील मेलेल्या कोंबड्यांत बर्ड फ्लूचा एच५एन१ हा विषाणू सापडला आहे. भारतातील ही पहिलीच नोंद होती. भोपाळच्या प्रयोगशाळेने निदान केले. रोगाच्या ठिकाणाभोवतीच्या तीन किलोमीटरच्या वर्तुळातील पक्षी मारून पुरण्यात आले आणि त्यांची संख्या लाखांत गेली.

येथपर्यंत सारे खरे, आणि आवश्यकही होते. पण त्यानंतर जे पसरले ते निराळे. ‘नवापूरच्या आजारी कोंबड्यांत विषाणू आहे’ या विधानाचे ‘चिकन खाल्ले की माणूस मरतो’ असे रूपांतर झाले. शेकडो किलोमीटर दूरच्या गावांतही चिकनची दुकाने ओस पडली. रेल्वेने आपल्या जेवणातून चिकन वगळले. ज्यांच्या खुराड्यात विषाणू फिरकलाही नव्हता, अशा शेतकऱ्यांचे पक्षी कवडीमोलाने गेले. त्या साथीत भारतात एकाही माणसाला लागण झाल्याचे आढळले नाही. २०२० साली करोनाच्या सुरुवातीला हीच अफवा नवे नाव घेऊन परतली, आणि २०२१ च्या फेब्रुवारीत तर नवापुरात पुन्हा बर्ड फ्लूच आला.

जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला दोन्ही वेळा अगदी साधा होता: मांसाच्या सर्व भागांत ७० अंश तापमान पोहोचू द्या, म्हणजे विषाणू नष्ट होतो. विषाणूचे आवरण व प्रथिने त्या उष्णतेला टिकत नाहीत. रश्शात तापमान १०० च्या आसपास असते आणि कुकरमध्ये सुमारे १२०. म्हणजे आपल्या पद्धतीने शिजवलेल्या चिकनला भिण्याचे कारण नव्हते. आजारी पक्षी हाताळणाऱ्याला आणि कच्चे मांस कापणाऱ्याला मात्र काळजी घेणे भाग होते, आजही आहे. अफवेने भलत्याच माणसाला घाबरवले.

माझ्या मते त्या सल्ल्यातील खरा महत्त्वाचा शब्द ‘सर्व’ हा आहे. तो दुर्लक्षिला तर काय होते, ते अमेरिकेत दिसले. तेथे १९७८ साली मॅकडोनाल्डच्या बर्गरमध्ये गांडुळे मिसळतात अशी अफवा उठली. कंपनीचे प्रमुख रे क्रॉक यांनी हिशेबच मांडला: मांस दीड डॉलर पौंड आणि गांडुळे सहा डॉलर पौंड, मग ती मिसळणे परवडेल कोणाला? (प्लास्टिकच्या तांदळाची गोष्ट ऐकलीत, की हा हिशेब आठवा.) गांडुळे काही निघाली नाहीत. पण १९९३ साली ‘जॅक इन द बॉक्स’ या दुसऱ्या उपाहारगृहांच्या साखळीतील बर्गर खाऊन सातशेहून अधिक लोक आजारी पडले आणि चार मुले दगावली. खिम्यात ई. कोलाय जातीचे घातक जीवाणू होते, आणि बर्गर मधोमध पुरते शिजलेले नव्हते. वॉशिंग्टन राज्याचा नियम सुमारे ६८ अंशांचा होता, कंपनीने धरला होता सुमारे ६० अंशांचा. आठ अंशांच्या फरकाची गोष्ट पानाच्या टपरीवर कोण सांगणार? गांडुळांची मात्र कोणीही सांगेल.

मांस उष्णतेचे मंद वाहक आहे. उष्णता मध्यापर्यंत पोहोचण्यास लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दोन्ही बाजूंनी तापणाऱ्या एक सेंटिमीटर जाडीच्या तुकड्याला ढोबळ हिशेबाने तीन मिनिटे लागतात, तर तीन सेंटिमीटरच्या तुकड्याला नऊपट, म्हणजे जवळजवळ अर्धा तास. जत्रेतल्या शेगडीवर बाहेरून करपलेला तुकडा आतून गुलाबी का राहतो, ते आता कळेल.

हे मांसाशिवायही पाहता येते. बटाट्यातील पिष्ट ६० ते ७० अंशांच्या दरम्यान फुगते आणि बटाटा शिजल्यासारखा दिसू लागतो, म्हणजे बटाटा हाच आपला तापमापक. मोठ्या बटाट्यांच्या एक आणि तीन सेंटिमीटर जाडीच्या चकत्या करा. शिक्षकांच्या किंवा आईच्या देखरेखीखाली त्या उकळत्या पाण्यात सोडा. दर दोन मिनिटांनी चिमट्याने एकेक काढून उभी कापा. कडेचा शिजलेला पट्टा आणि मधला कच्चा गाभा वेगळे दिसतील. पट्ट्याची रुंदी पट्टीने मोजा, आणि आलेखाच्या आडव्या अक्षावर वेळ न घेता वेळेचे वर्गमूळ घ्या. बिंदू सरळ रेषेच्या किती जवळ येतात, ते पाहा.