नव्या घराचा स्लॅब गळतो, तेव्हा

अमरावतीच्या राजापेठेत फ्लॅट घेतला आणि दुसऱ्याच पावसाळ्यात स्लॅब गळू लागला, तर बिल्डरच्या तोंडी आश्वासनांवर वर्ष घालवू नका. २०१६ च्या रेरा (स्थावर संपदा नियमन) कायद्याचं कलम १४(३) तुमच्या बाजूनं आहे. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला दोष दाखवून दिला, की ३० दिवसांत तो फुकट दुरुस्त करणं बिल्डरवर बंधनकारक, नाहीतर भरपाई. तक्रार महारेराकडे, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाकडे, ऑनलाइन करता येते.

पण आपल्याकडे बरीच घरं स्वतःच्या प्लॉटवर ठेकेदाराकडून बांधून घेतलेली असतात. तिथे रेरा सहसा लागू होत नाही. जिल्हा ग्राहक आयोगात जायचं. घरबांधणी ही सेवाच आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९३ मध्ये लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात ठरवलं. तक्रारीची मुदत मात्र २ वर्षांचीच.

खरा कस लागतो तो पुराव्याचा. वऱ्हाडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि भेगांचं खापर तिच्यावर फोडणं ठेकेदाराला सोपं जातं. माती ओळखून पाया घेणं हे त्याचंच काम होतं! म्हणून दुरुस्तीला हात लावण्याआधी तारखेसह फोटो काढा, स्वतंत्र स्थापत्य अभियंत्याचा लेखी अहवाल घ्या, आणि करारनामा, पावत्या जपून ठेवून पोचपावती मिळेल अशा टपालानं नोटीस पाठवा.