दाताची कॅप आणि मनातील भीती

बऱ्हाणपूर हे यंत्रमागांचे शहर. मागांच्या खडखडाटात तासन् तास उभा राहणारा कामगार दंतवैद्याच्या यंत्राचा बारीक, कर्कश सूर कानी पडताच मात्र खुर्चीचे हात घट्ट आवळून धरतो. या भीतीत लाजिरवाणे काही नाही. परंतु तिच्यापायी अर्धवट सोडलेल्या उपचाराची किंमत अखेर दातालाच मोजावी लागते.

किडलेल्या दाढेची नस काढली की ठणका थांबतो. तोवर वेदनेनेच रुग्णाला दवाखान्यात ओढून आणलेले असते. वेदना गेली की निकडही जाते आणि कॅप बसविण्याचे राहून जाते. अशी दाढ किडीने व उपचाराने आतून पोखरलेली असते. ज्वारीची कडक भाकरी, फुटाणे किंवा सुपारी चावताना ती एके दिवशी उभी चिरते. चीर मुळात उतरली म्हणजे दाढ काढण्यावाचून सहसा गत्यंतर उरत नाही. कॅप हे उरलेल्या दाताला चहूबाजूंनी धरून ठेवणारे कवच होय. वास्तविक, ज्या टप्प्याला रुग्ण कचरतो तो आधीच्या मानाने सौम्य असतो. नस काढलेल्या दाताला घासण्याची वेदना जाणवत नाही; भूल द्यावी लागते ती बहुधा हिरडीसाठी. नस जिवंत असलेल्या दातावर कॅप बसवावयाची असल्यास मात्र दात पूर्ण बधिर करूनच काम केले जाते.

‘मागच्या वेळी इंजेक्शन देऊनही दुखले’, ही तक्रार पुष्कळदा ऐकू येते, आणि ती खोटी नसते. दाताभोवती पू व सूज असताना तेथील आम्लतेमुळे भुलीचे औषध नीट लागू पडत नाही. सूज ओसरल्यावर तेच औषध चांगला गुण देते. इंजेक्शननंतर काही मिनिटे छातीत धडधडते, तेही अनेकदा औषधात मिसळलेल्या ॲड्रेनॅलिनमुळे; जीव घाबरा झाला असे समजून रुग्ण अधिकच घाबरतो. हृदयविकार, रक्तदाब, मधुमेह, गर्भारपण, रक्त पातळ करणारी गोळी, यांपैकी काहीही असल्यास ते आधीच सांगावे. औषधे आपल्या मनाने बंद करू नयेत. उपाशीपोटी जाण्याचेही कारण नाही. उलट त्याने घेरी येण्याचा संभव असतो.

यंत्राचा सूर मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेणाऱ्या, हवेच्या दाबावर चालणाऱ्या पात्यांमुळे निघतो. त्यासोबत उडणारे पाणी दात तापू नये म्हणून असते. घशाशी पाणी साचले की गुदमरल्यासारखे वाटते. त्या वेळी डावा हात वर करावा व डॉक्टरांनी तत्काळ थांबावे, असा संकेत दोघांनी आरंभीच ठरवून घ्यावा. काम आपल्या इशाऱ्यावर थांबते, हे एकदा अनुभवाला आले की हात वर करण्याची वेळही क्वचितच येते. दाताचे माप घेताना उबळ येत असल्यास किंचित पुढे वाकून नाकाने संथ श्वास घ्यावा. अतिशय भित्र्या रुग्णाने सकाळची वेळ मागावी, म्हणजे दिवसभर धास्ती बाळगावी लागत नाही.

‘ऐकले नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील’, असे लहान मुलांना धमकावणाऱ्या वडीलधाऱ्यांनीच या भीतीचे बी पेरलेले असते. शिक्षकांना याबाबत बरेच करता येईल.

कॅप तयार करण्याची सोय प्रत्येक रुग्णालयात असतेच असे नाही. तेव्हा जिल्हा रुग्णालयात आधी चौकशी करावी. इंदूरचे शासकीय दंत महाविद्यालय 1961 पासून कार्यरत आहे. बहुधा दोन खेपा पडतात. मधल्या काळात तात्पुरती कॅप बसविलेली असल्यास त्या बाजूने चिकट पदार्थ खाऊ नयेत. बधिरपणा दोन ते चार तास टिकतो. तोवर गरम चहा टाळावा, कारण ओठ भाजला तरी कळत नाही. कायमची कॅप चावताना उंच लागत असल्यास ‘सवय होईल’ म्हणून सोसत बसू नये. रंगीत कागद दाताखाली धरून उंचवटा शोधणे व तो घासून काढणे, हे काही मिनिटांचे काम असते आणि त्यासाठी इंजेक्शन सहसा लागत नाही.