बकासुराची बंडी: कल्पित जगाचे नियम आणि सूत्रधाराची मोकळीक

समजा, सुट्टीच्या दुपारी वर्धा जिल्ह्यातल्या आंजीत एका ओसरीवर सतरंजी टाकून आपण पाच जण बसलो आहोत. मध्ये एक कोरी वही, पेन्सिल आणि ल्यूडोच्या डब्यातले दोन फासे. एवढ्या सामानात एक अख्खं जग उभं करता येतं. कसं, ते सावकाश पाहू.

या खेळाला टेबलटॉप रोलप्लेइंग गेम म्हणतात, म्हणजे बसल्या जागी बोलून खेळायचा भूमिकांचा खेळ. चौघं एकेक पात्र घेतात: कुणी गाडीवान, कुणी वैदू, कुणी शिकारी. पाचवा बाकीचं सगळं सांभाळतो: पाऊस, नदी, राक्षस, गावकरी. त्याला गेम मास्टर म्हणतात. आपण सूत्रधार म्हणू. खेळाडू सांगतो, मी हे करतो. सूत्रधार सांगतो, मग असं झालं. जिथे जमणं आणि फसणं दोन्ही घडू शकतं, तिथे फासे टाकायचे.

अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ 1974 साली आला आणि हा खेळ जगभर पसरला. त्याची नियमपुस्तकं आज शेकडो पानांची आहेत. ती पाहून नवखा माणूस एक तर दडपून जातो, नाहीतर पुस्तक बाजूला सारून ‘मी म्हणेन तसं’ करायला लागतो. खेळ दोन्हीकडून बसतो.

नियम मोठे की सूत्रधार, हा वाद या खेळाहूनही जुना आहे. प्रशियाच्या सैन्यात नकाशावर लढाईचा सराव होई. राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्यानं 1824 मध्ये त्याचे बारीक नियम छापले. पण प्रत्येक गोळीबाराला फासे आणि तक्ते पाहता पाहता पंच थकून जात. म्हणून 1876 मध्ये व्हेर्डी दु व्हेर्न्वा यांनी तक्ते बाजूला ठेवून अनुभवी पंचाच्या शब्दावर खेळ चालवायचं सुचवलं. वेग आला, पण मग सगळं त्या एका माणसाच्या न्यायबुद्धीवर येऊन ठेपलं. आपल्या ओसरीवरही पेच तोच आहे.

सुरुवात जागेपासून करा, आणि जागा लहान घ्या. बहुतेक जण इथेच चुकतात: सात राज्यं, बारा देव, हजार वर्षांचा इतिहास लिहितात आणि खेळ सुरूच होत नाही. एक गाव, एक नदी, एक डोंगर पुरे. आपल्या जिल्ह्यात सामान कमी नाही. गिरडच्या टेकडीवर गोल दगड सापडतात. व्यापाऱ्यांनी शेख फरीदबाबांची थट्टा केली आणि त्यांच्या मालाचेच दगड झाले, असं लोक सांगतात. केळझर म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी, तिथेच भीमानं बकासुर मारला, अशी श्रद्धा आहे. आपण केळझर घेऊ.

आता त्या जगाचा कायदा ठरवा. खेळाचा नियम म्हणजे फासा कधी टाकायचा ते; जगाचा कायदा म्हणजे त्या जगात काय अटळ आहे ते. बकासुराचा कायदा पाहा: पाळीपाळीनं एका घरानं गाडीभर भात, दोन रेडे आणि ते घेऊन जाणारा एक माणूस पाठवायचा. पाळी चुकली तर राक्षस गावात शिरणार. एवढ्या एका ओळीत भीती आहे, आज कुणाचं घर हा प्रश्न आहे, आणि सुटकेची फटही आहे. माणूस कोणता, हे कायदा सांगत नाही. भीम त्याच फटीतून गेला. असे दोन-तीन कायदे वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि सगळ्यांना वाचून दाखवा. सूत्रधारानं ते मनात ठेवले, तर खेळाडूंना त्यांत फट शोधता येत नाही.

मग फासे. दोन फाशांची बेरीज घ्या. सोप्या कामाला 5 किंवा जास्त हवेत. 36 पैकी 30 वेळा जमतं. मध्यम कामाला 8 किंवा जास्त. 36 पैकी 15 वेळा. फार अवघड कामाला 10 किंवा जास्त. 36 पैकी फक्त 6 वेळा. पात्र त्या कामात तरबेज असेल तर बेरजेत एक मिळवा. यापलीकडचं गणित सुरुवातीला लागत नाही.

फासा प्रत्येक गोष्टीला टाकू नका. गाडीवानाला बैल जुंपायला फासा कशाला? अपयश आलं तर पुढे काहीतरी घडणार असेल, तेव्हाच टाका. आणि किती हवेत, हे फासा हातातून सुटण्याआधी मोठ्यानं सांगा. आकडा नंतर ठरवला की खेळाडूंचा विश्वास उडतो.

आता खेळ. गाडीवान झालेली मुलगी म्हणते, “बंडीत भात भरायचाच नाही. खाली पऱ्हाट्या, वर भाताचा एक थर. राक्षसाला दुरून काय कळतंय?”

असा नियम कुठल्या पुस्तकात नसतो. सूत्रधारानं इथे घाबरू नये आणि “असं चालत नाही” असंही म्हणू नये. युक्ती जगाच्या कायद्याशी भिडते आहे, हेच तर हवं होतं. तो म्हणतो, “मध्यम काम. आठ हवेत.” फासे पडतात: चार आणि तीन. सात!

सगळे गप्प. मुलीचा चेहरा उतरतो. खरी परीक्षा सूत्रधाराची आहे. दया येऊन “बरं, सातही चालतील” म्हटलं, तर पुढच्या प्रत्येक फाशाला घासाघीस होईल. उलट “राक्षसानं ओळखलं, तुला खाल्लं” म्हटलं, तर ती बहुधा पुन्हा खेळायला बसणार नाही. आकड्याला हात न लावता अपयशाचं रूप त्यानं ठरवायचं. उदाहरणार्थ: राक्षसाला पऱ्हाट्यांचा वास येतो. पण इतक्या वर्षांत कुणी फसवायची हिंमत केली नव्हती. तो चिडण्याआधी चक्रावतो आणि पहिल्यांदाच गुहेबाहेर येतो, उजेडात. शिकाऱ्याला त्याचा डावा पाय लंगडा दिसतो. युक्ती फसली, फासा खरा राहिला, आणि गोष्ट कुणालाच माहीत नव्हती अशा वाटेला लागली.

तळकोकणातल्या दशावतारातही असंच चालतं: संवाद लिहून दिलेले नसतात. कथानक आधी ठरतं आणि नट रंगमंचावर उत्स्फूर्त बोलतात. ठरलेला सांगाडा आणि तोंडची मोकळीक यांचा मेळ पाहायचा असेल तर एक प्रयोग जरूर पाहा.

आणखी एक चूक हळूच शिरते. सूत्रधारानं शेवट आधीच ठरवलेला असतो, आणि खेळाडू कुठेही वळले तरी तो त्यांना ओढून तिकडेच आणतो. चार प्रसंग तयार ठेवा, शेवट ठेवू नका. भीमासारखा सर्वशक्तिमान गडी सूत्रधारानं आपल्या हाती ठेवला, तर बाकीचे नुसते प्रेक्षक होतात. केळझरच्या या खेळात म्हणूनच भीम नको.

नियम सापडला नाही तर पुस्तक चाळत अर्धा तास घालवू नका. तिथल्या तिथे निवाडा द्या, खेळ पुढे न्या आणि निवाडा वहीच्या मागच्या पानावर तारखेसह लिहा. खेळ संपल्यावर पाचही जणांनी बोलून तो पक्का करा किंवा बदला. एकदा पक्का झाला की तो सूत्रधारालाही लागू.

पुढच्या बैठकीला सुरुवात त्याच पानापासून करा. आपल्या वहीत तिथे एक ओळ असेल: ‘राक्षसाला दुरून फसवायला आठ हवेत, पऱ्हाट्यांचा वास त्याला आता ओळखू येतो.’ आता गाडीवान मुलीला बंडीत दुसरं काहीतरी भरावं लागेल.