वायर वेगळी, वायफाय वेगळं, म्हणून नवा राउटर?

म्हैसूरच्या देवराज अर्स रोडवरची सीएची कचेरी असो की हेब्बाळ औद्योगिक वसाहतीतली शेड, मागणी एकच असते: ‘‘वायरचं आणि वायफायचं नेटवर्क वेगवेगळं आहे, जोडायला चांगला राउटर सांगा.’’ दुकानदार लगेच राउटर काढून देतो. गरज नसते, आणि बहुतेक वेळा त्यानंतरच कटकटी सुरू होतात.

माध्यम वेगळं असलं म्हणून नेटवर्क वेगळं होत नाही. इथरनेट आणि वायफाय जोडण्याचं काम अ‍ॅक्सेस पॉइंटचं. पत्त्यांचे गट वेगळे असतील, म्हणजे एकीकडे १९२.१६८.१ आणि दुसरीकडे १९२.१६८.२ ने सुरू होणारे, तेव्हाच मध्ये राउटर लागतो. इंटरनेट कंपनीने बसवलेला फायबरचा डबा बहुतेक ठिकाणी स्वतःच राउटर असतो. त्याच्या पुढे नवा राउटर वॅन (इंटरनेटकडच्या) पोर्टने जोडला की पत्ते दोनदा बदलले जातात. मग वायफायवरच्या लॅपटॉपला वायरवरचा प्रिंटर आपोआप सापडत नाही, वायरवरच्या संगणकाला लॅपटॉपचं शेअर केलेलं फोल्डर उघडत नाही, आणि दोष जातो बिचाऱ्या प्रिंटरवर! उपाय फुकट आहे. नव्या राउटरमध्ये अ‍ॅक्सेस पॉइंट मोड चालू करा. तो नसेल तर राउटरला मोकळा पत्ता द्या, डीएचसीपी (पत्ते आपोआप वाटणं) बंद करा आणि केबल लॅन पोर्टमध्ये लावा.

जोडायला राउटरच हवा, हा समज आला कुठून? १९८०च्या दशकात स्टॅनफर्डसारख्या विद्यापीठात एकेका विभागातले संगणक वेगवेगळे प्रोटोकॉल वापरत. ते सगळे समजणारा राउटर तेव्हा खरोखर हवा होता. १९८४ साली स्थापन झालेली सिस्को ही कंपनी त्यावरच वाढली. आज जवळजवळ सगळं आयपीवर चालतं.

राउटर निवडताना डोकं खरं लावायचं ते दोन शाखा जोडताना. हेब्बाळचा कारखाना आणि शहरातली कचेरी व्हीपीएनने (इंटरनेटवरून खासगी जोडणीने) जोडायची असेल, तर दोन्हीकडे पत्त्यांचे गट वेगळे ठेवा आणि माहितीपत्रकात व्हीपीएनचा वेग शोधा. तो साध्या वेगापेक्षा बराच कमी असू शकतो. किमान एका टोकाला सार्वजनिक आयपी असलेला बरा. वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल, तर तो सार्वजनिक नाही: एप्रिल २०१२च्या आरएफसी ६५९८ने तो गट इंटरनेट कंपन्यांच्या सामायिक वापरासाठीच राखून ठेवला. राउटर बदलून हे सुटत नाही. इंटरनेट कंपनीकडेच सार्वजनिक आयपी मागावा लागतो.

आणखी काही समज. राउटरवर लिहिलेलं एएक्स३००० म्हणजे ३००० एमबीपीएस? नाही. ती दोन बँडच्या ५७४ आणि २४०२ या कमाल वेगांची गोळाबेरीज आहे, आणि एका लॅपटॉपला ती मिळत नाही.

जास्त अँटेना म्हणजे लांब पल्ला? तसं नाही, जाड भिंतींपलीकडे दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंटच लावावा लागतो.

पाहुणे आणि हिशेब विभाग वेगळे ठेवायला वेगळ्या वायरी? नकोत. व्हीलॅन समजणारा स्विच आणि राउटर असला की एकाच वायरीवर दोन्ही चालतात.