जन्मतारखेचा रकाना

मुलांच्या बाबतीत ऑनलाइन माहिती देण्याच्या संमतीचा सगळा प्रश्न एका छोट्याशा रकान्यात येऊन अडकतो. दहा वर्षांची मुलगी ॲपवर खातं उघडायला जाते, तिला जन्मतारीख विचारली जाते आणि ती जन्मवर्ष चार-पाच वर्षं मागे नेते. कित्येकदा आईबाबाच ते बदलून देतात. तेरा पूर्ण दाखवली की दार उघडतं.

हा तेराचा आकडा अमेरिकेतून आला. १९९६ मध्ये तिथल्या 'सेंटर फॉर मीडिया एज्युकेशन' या संस्थेने 'किड्सकॉम' या मुलांच्या संकेतस्थळाविरुद्ध तक्रार केली. मुलांनी प्रश्नांची उत्तरं भरली की त्यांना गुण मिळत आणि गुणांवर बक्षिसं. ती उत्तरं बाजाराच्या अभ्यासासाठी वापरली जात होती, याची घरच्यांना नीट कल्पनाच दिलेली नव्हती. १९९८ मध्ये 'कोपा' हा कायदा झाला आणि एप्रिल २००० पासून तो लागू झाला. तेरा वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायची असेल, तर आधी पालकांची खात्रीलायक संमती हवी. विधेयकाच्या शिल्पकारांपैकी एक असलेल्या एड मार्की यांना ही मर्यादा सोळा हवी होती. तडजोडीत ती तेरावर आली.

त्याहून मोठी फट दुसरीकडे राहिली. सर्वांसाठी असलेल्या सेवेला हा कायदा तेव्हाच बांधतो, जेव्हा समोर लहान मूल आहे हे तिला प्रत्यक्ष ठाऊक असतं. म्हणजे ठाऊक नसणंच फायद्याचं!

यूट्यूबच्या प्रकरणात हे उघडं पडलं. आपली सेवा सर्वसाधारण प्रेक्षकांसाठी आहे, असं कंपनी म्हणत होती. पण हा कायदा राबवणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनच्या तक्रारीनुसार, बार्बी बनवणाऱ्या मॅटेलला मात्र तिने सांगितलं होतं की सहा ते अकरा वर्षांच्या मुलांपर्यंत पोचण्यात यूट्यूब आघाडीच्या टीव्ही वाहिन्यांच्या पुढे आहे. खेळणीवाल्यांना मुलं मोजून दाखवायची आणि कायद्यासमोर ती नाहीतच म्हणायचं, हा अप्रामाणिकपणा होता. सप्टेंबर २०१९ मध्ये गूगलला १७ कोटी डॉलर भरावे लागले. २०२२ मध्ये 'फोर्टनाइट' बनवणाऱ्या एपिक गेम्सला याच कायद्याखाली साडेसत्तावीस कोटी डॉलरचा दंड झाला. त्या खेळात अनोळखी माणसांशी बोलण्याची सोय मुलांसाठीही आपोआप चालू असायची.

ब्रिटनने २०२१ पासून वेगळी वाट धरली. तिथल्या संहितेनुसार मुलांच्या हाती पडू शकणाऱ्या सेवेची मूळ रचनाच जास्तीत जास्त खासगीपणाची असावी लागते. ही दिशा अधिक योग्य आहे, कारण तिथे पहिला भार कंपनीवर पडतो.

भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात मूल म्हणजे अठरा वर्षांखालची व्यक्ती. पालकांची संमती सक्तीची, मुलांच्या वागण्यावर पाळत आणि त्यांना हेरून दाखवलेल्या जाहिराती बंद, उल्लंघन झाल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंड. काही अपवाद वगळता ही बंदी ठाम आहे आणि तिचं स्वागतच करायला हवं. सात आणि सतरा वर्षांच्या मुलांना एकाच मापाने मोजणं मात्र खटकतं. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य तरतुदींसाठी कंपन्यांना अठरा महिन्यांची मुदत आहे.

खोट्या जन्मतारखेमागे दडलेलं मूल या संरक्षणातून सहज निसटतं. म्हणून आपल्या घरातल्या मुलांच्या खात्यांवर कोणतं जन्मवर्ष टाकलेलं आहे, ते या आठवड्यात त्यांच्या शेजारी बसून तपासा.